दुपदरी कागद

९ मे

दारातल्या मुलीने मला 'यू साहेब' म्हटलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, वडील आले की काय म्हणून. मग तिने माझ्या हातातली कापडी पिशवी घेतली. दोन शर्ट, दाढीचं सामान आणि ही वही, एवढंच होतं तिच्यात. तरी ती पिशवी तिने तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांवर धरून नेली.

'नऊ बगळे' या हॉटेलात मी आजपासून बारा रात्री राहणार आहे. पूर्वी इथे रेशमाची गिरणी होती. आता जिन्यात चित्रं, लिफ्टमध्ये चित्रं, न्हाणीघरात टबाशेजारी एक भलंमोठं मडकं आणि त्याला हात लावू नये अशी नम्र पाटी. आंघोळ करताना मी अंग चोरून बसलो. खोल्यांना नंबर नाहीत. ज्या खोलीत जे चित्र, तेच तिचं नाव. माझी खोली 'टोपलीतले लोकाट', म्हणजे जर्दाळूसारखी पिवळी फळं.

चित्र पलंगाच्या बरोबर समोर आहे. सगळे दिवे मालवले तरी एक बारीक दिवा त्याच्यावर जळत राहतो. त्याचं बटण काही सापडलं नाही.

१० मे

झोप लागली नाही. गादी फार मऊ आहे, असं सकाळी नाश्त्याच्या वेळी विचारणाऱ्या मुलीला सांगितलं. वहीत तरी खरं लिहावं.

हांगझोऊच्या कला महाविद्यालयात मी दीड वर्ष काढलं. माझी रेघ 'आज्ञाधारक' आहे असं एक सर वर्गासमोर म्हणाले, मी शाई उगाळायचा दगड भिंतीवर फेकला आणि सामान बांधून सुझोऊला परत आलो. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तान शिफूंच्या दुकानात काम शिकतो. शिफू म्हणजे गुरू, मालक आणि थोडासा बाप. दुकान चित्रं मढवण्याचं. लोक कागदावरचं चित्र आणतात. आम्ही ते भिजवून सपाट करतो, पाठीला खळीने कागद लावतो, कडांना रेशीम लावतो आणि गुंडाळी करून देतो.

कागद कधीकधी दुपदरी असतो. शाई वरच्या पदरातून खालच्यात उतरलेली असते. तो नीट भिजवून, चिमट्याने कोपरा सोडवून, श्वास रोखून उलगडला तर एका चित्राची दोन होतात. गेल्या हिवाळ्यात शिफूंनी मला कोऱ्या कागदावर ते करून दाखवलं. म्हणाले, "करायला शिकवत नाहीये. कुणी केलेलं ओळखता यावं, म्हणून शिकवतोय." त्यांची मुलगी शूयिन दारात उभी राहून बघत होती. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. पण शिफूंनी आधी मला शिकवलं.

मार्च महिन्यात फेई आजी एक चित्र घेऊन आल्या. त्यांचे यजमान शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. गेल्या वर्षी वारले. त्याआधीच्या वसंतात त्यांनी दोंगशान टेकडीवरचे लोकाट काढले होते, टोपलीभर. मी कोपरा चिमटीत धरला आणि कळलं, दुपदरी आहे. शिफू दातांसाठी शांघायला गेले होते.

वरचा पदर मढवून आजींना दिला. खालचा फिका होता. त्यातल्या काही फळांना मी सावल्या दिल्या. सहीच्या शिक्क्याची लाली तेलातली, ती खाली उतरत नाही, म्हणून फेई मास्तरांचा शिक्का दगडावर कोरून घेतला. मीच कोरला. नंतर तो दगड कालव्यात टाकला.

हे हॉटेल चित्राचे पैसे देत नाही, चित्र देणाऱ्याला राहायला खोली देतं. मला पैसे नकोच होते. गेल्या शरदात शूयिन आणि मी इथे गुंडाळ्या पोचवायला आलो होतो, मागच्या दाराने. तिने दोन्ही हातांत गुंडाळ्या धरून दिवाणखान्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "एकदा इथे हातात काहीही न धरता बसायचंय." एवढंच म्हणाली. ती विसरलीही असेल.

आणि तो चष्म्याच्या दुकानाचा दू. शिफूंच्या वाढदिवसाला सगळ्यांदेखत हसत म्हणाला, "केफान कॉलेजच काय, वाक्यसुद्धा अर्धवट सोडतो." सगळे हसले. शूयिनही हसली. शूयिनला इथे आणायचंच, हे मी त्या रात्रीच ठरवलं असावं.

१२ मे

दिवसा दुकानात जातो. मित्राकडे झोपतो असं शिफूंना आणि घरी सांगितलं आहे.

आज फेई आजी आल्या. गुंडाळी टेबलावर ठेवून बराच वेळ नुसत्या दोरीशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "तान मास्तर, रागावू नका. फळं हलकी झालीत." शिफूंनी चित्र उलगडलं. खिडकीकडे नेलं, परत आणलं. खालचा कोपरा दोन बोटांत धरला आणि तसाच धरून उभे राहिले. मग, उन्हात टांगलं होतं का, असं विचारलं. आजी नाही म्हणाल्या. लगेच स्वतःच बोलायला लागल्या, की डोळेच गेले असतील, सत्तरी उलटली, उगाच त्रास दिला. तीनदा माफी मागितली. आजींनी. आमची.

शिफूंनी मला चहा करायला पाठवलं. किटलीचं झाकण माझ्या हातून दोनदा पडलं. परत आलो तेव्हा ते चित्र गुंडाळत होते. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांच्या काही लक्षात आलं नाही हे नशीबच.

१४ मे

शूयिन आली!

दुपारी अडीचला, फिकट हिरवा सदरा घालून. दिवाणखान्यात खिडकीपाशी बसलो. नवा हिरवा चहा आणि केक आला. तिने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि म्हणाली, "बघ. काहीही नाही." ते शब्द तिला आठवत होते! मला काय झालं ते इथे लिहीत नाही. लिफ्टमधलं घोड्यांचं चित्र बघून ती हसली. त्यातल्या एका घोड्याचं तोंड म्हणे दूसारखं आहे. दूचं नाव निघालं तरी मला राग आला नाही, इतकं बरं वाटत होतं.

मग तिला खोली दाखवायला नेलं. दार उघडंच ठेवलं होतं. चित्रासमोर ती थांबली. वाकून बघितलं, मग बाजूला होऊन तिरकं बघितलं. शिक्क्याकडे सगळ्यात जास्त वेळ.

"फेई मास्तरांचं?"

"हो. त्यांनी मला दिलेलं."

"कधी?"

"मागे कधीतरी."

"मागे," ती म्हणाली. मग हात गार पडलेत म्हणाली आणि गेली. केक तसाच राहिला.

एवढ्या भारी हॉटेलातली खोली, आत आम्ही दोघंच. संकोचली असेल. जाताना माझ्याकडे बघितलंच नाही तिने. मुली लाजल्या की अशाच वागतात, असं ऐकून आहे.

१५ मे

संध्याकाळी दूच्या दुकानात शूयिन दिसली. रस्ता ओलांडेपर्यंत माझं डोकं तापलं होतं. आत शिरलो तेव्हा ती गेली होती. दूला म्हटलं, बाहेर ये. तो कसलीशी काच पुसत होता. म्हणाला, "मारायचं असेल तर चष्मा काढू दे. महाग आहे."

मग सांगू लागला. शूयिन फेई आजींना सोबत घेऊन आली होती. आजी या आठवड्यात तिसऱ्यांदा आल्या. त्याने तिन्ही वेळा डोळे तपासले, नंबर जुनाच आहे. पण आजी नवा चष्मा हवा म्हणून हटून बसल्या. त्याने दिला नाही, तर म्हणाल्या, तू शिकाऊ आहेस. "डोळे चांगले आहेत रे त्यांचे. माझ्या आईपेक्षा चांगले. पण त्या म्हणतात, एक चित्र आहे, ते नीट दिसत नाही."

मी म्हटलं, मग विकायचा की एखादा चष्मा. तो म्हणाला, "साध्या काचेचा? तू विकला असतास?"

त्याला मारायला गेलो होतो. न मारता आलो. त्याचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

१६ मे

पाऊण बादली खळ करपवली. शूयिन माझ्याशी बोलत नाही. काही हवं असेल तर बोटाने दाखवते.

हॉटेलात माझ्या मजल्यावर शांघायचं एक जोडपं आलंय. दार उघडं होतं तेव्हा त्यांनी चित्र बघितलं आणि आत येऊ का म्हणून विचारलं. बाई म्हणाली, सावल्या किती सुंदर आहेत. माझ्या सावल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताला कुणी सुंदर म्हटलं, आणि मी त्या दोघांना जवळजवळ ढकलून बाहेर काढलं.

१७ मे

आज सकाळी शिफू ठेवणीतला कोट घालून फेई आजींकडे गेले. परत आल्यावर शूयिनला काय ते सांगितलं. मी मागच्या खोलीत रेशीम कापत होतो, सगळं ऐकू आलं. आजींना सांगून आले की दोष डोळ्यांचा नाही. धुताना पाणी जास्त गरम झालं, रंग पळाला, चूक माझी, तान चांगपिंगची.

आजींचा विश्वास बसला नाही. म्हातारीला बरं वाटावं म्हणून खोटं बोलताय, म्हणाल्या. चाळीस वर्षांत ज्याने एक कागद फाडला नाही तो गरम पाणी घालेल होय! त्यांनी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्यात नाव घातलं आहे. पंचवीस तारीख.

पण गल्लीचा विश्वास बसला. संध्याकाळपर्यंत दोघं जण आपापली चित्रं परत घेऊन गेले. शिफूंनी दोघांनाही स्वतः कागदात बांधून दिली. मग आमच्या लाल लाखेच्या टेबलावर जुनी रजई पसरली. गिऱ्हाइकाचं चित्र ज्याने बिघडवलं त्याने दुसऱ्याचं हातात घेऊ नये, म्हणाले. हा नियम त्यांना त्यांच्या शिफूंनी शिकवला होता. त्या टेबलावर तीन वर्षांत मी धुळीचा कणसुद्धा बघितला नव्हता. आज त्याच्यावर रजई होती.

हे त्यांनी का केलं? गरम पाणी त्यांनी घातलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक असणारच. वय झालं की माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो बहुतेक.

मी रेशीम वाकडं कापलं. पाच हात वाया गेलं.

१८ मे

लुओ मॅडम हॉटेलची चित्रं सांभाळतात. सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं, माझं चित्र उतरवा, मी आजच जातो. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कारण देणार नाही. मग आवाज चढला. माझाच. टेबलावर हात आपटला तर तिथली पितळी बाहुली लोळली. तीही कुणाची तरी कलाकृतीच असणार.

त्यांनी बाहुली उचलून उभी केली आणि एक कागद माझ्यासमोर सरकवला. चित्रकाराने हे चित्र मला स्वखुशीने दिलं आहे, असं त्यात लिहिलेलं. खाली माझी सही. "यू साहेब, नऊ रात्री झोपलात इथे. चित्र आता आमचं आहे. काही सांगायचं असेल तर सांगा. नसेल तर निदान बाकीच्या पाहुण्यांना नाश्ता करू द्या."

तोंडापर्यंत आलं होतं. आत्ताच सांगून टाकावं, आत्ता. तेवढ्यात फोन वाजला, त्यांनी तो घेतला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं मला आवडलं. हे लिहायला सगळ्यात जड गेलं.

१९ मे

दुकानात शिफू रजईच्या टेबलापाशी नुसते बसले होते. समोर चहा, त्यावर तवंग धरलेला. शूयिन आत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "शिफू, तो कागद मी सोडवला. फेई मास्तरांचा. खालचा पदर हॉटेलात आहे."

कधी, कसा, काही विचारलं नाही त्यांनी. मी ओरडा खायला तयार होतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मला का सांगतोस? फळं माझी नाहीत."

मी उभाच राहिलो. तेव्हा म्हणाले, "आधी डोळ्यांचं सांग त्यांना. मग बाकीचं."

फेई आजींचं घर कालव्याच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. त्या वाटाणे सोलत होत्या. भिंतीवरच्या चित्रावर टॉवेल टाकला होता. शिफूंनी सांगितलं त्याच क्रमाने सांगितलं. तुमचे डोळे चांगले आहेत. चित्रच अर्धं आहे. अर्धं मी चोरलं.

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हणजे डोळे ठीक आहेत माझे."

"हो."

"त्या चष्मेवाल्या पोराशी भांडले मी." मग, माझ्याशी नाही, वाटाण्यांशी बोलावं तसं: "रोज सकाळी ह्यांची माफी मागत होते. म्हणायचे, तुमची फळं मला दिसत नाहीत नीट, मनावर घेऊ नका."

मी गुडघ्यांवर बसलो. त्या म्हणाल्या, उठ, जमीन ओली आहे. दुसरा पदर कुठे आहे, तिथे कोण राहतं, असं विचारलं. मी राहतो म्हटलं.

"खोली चांगली आहे?"

"हो."

"मग मला दाखव."

२० मे

माझी शेवटची रात्र होती. ती आजींनी घेतली.

दुपारी आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घरच्या चपला, टॉवेल आणि गरम पाण्याचा थर्मास. दारातल्या मुलीने पिशवी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाल्या, राहू दे ग, सांडेल. लुओ मॅडम खाली आल्या आणि तिथेच, फुलदाणीशेजारी, मी सगळं सांगितलं. दुपदरी कागद, सावल्या, शिक्का. यावेळी फोन वाजला नाही. शांघायचं जोडपं पेपर वाचण्याचं सोंग करत होतं.

लुओ मॅडमचा चेहरा पांढरा पडला. माझ्याकडे न बघता आजींना म्हणाल्या, हॉटेलची फसवणूक झाली आहे, पोलिसांना कळवावं लागेल.

"कळवा की," आजी म्हणाल्या. "उद्या कळवा. आज मला झोपायचंय."

त्यांना वर नेऊन सोडलं. पलंगाच्या कडेवर बसल्या. पाय जमिनीला टेकेनात. चित्राकडे बघत राहिल्या. मला जायला सांगतील म्हणून मी दारात थांबलो होतो, पण मी तिथे आहे हे त्या विसरल्या होत्या. दार ओढून घेतलं आणि घरी आलो. आईने विचारलं, मित्राने हाकललं का?

२१ मे

सकाळी आठला हॉटेलात पोचलो तर आजी नाश्ता करत होत्या. लुओ मॅडम समोर बसून त्यांना अंडं सोलून देत होत्या. मला बसायला कुणी सांगितलं नाही.

आजी मला वर घेऊन गेल्या आणि चित्रावर बोट ठेवलं, तीन ठिकाणी. "हे तीन तुझे. बाकीचे त्यांचे."

बरोबर तीनच. रात्रभर बसून शोधले असावेत. मी विचारलं, कसं ओळखलंत? त्या म्हणाल्या, "त्यांची फळं खावीशी वाटतात."

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत. एकही अशी लागली नव्हती.

मग आजींनी त्यांना काय हवं ते सांगितलं. दोन्ही पदर पुन्हा एक करायचे. ते जमतं, हे मला माहीत आहे. अवघड आहे, एका केसाइतकं सरकलं तर प्रत्येक फळाला दोन कडा दिसतील. पण शिफूंना जमतं. मी म्हटलं, शिफूंनी काम बंद केलंय. आजी म्हणाल्या, बंद कशामुळे केलंय ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आता गल्लीलाही कळेल, मी वाण्याकडे सांगूनच घरी जाणार आहे.

लुओ मॅडमनी माझ्याकडून दोन पानं लिहून घेतली, सही घेतली. पोलिसांचं काय ते फेई आजींवर सोडलं. आजी म्हणाल्या, आधी फळं. माणसांनी चित्र उतरवलं. भिंतीवर फिकट चौकोन राहिला आणि त्याच्याखाली खोलीचं नाव.

आजी घरून वरचा पदर आणायला गेल्या. खालचा मी घेऊन निघालो, छातीशी धरून, कालव्याच्या कडेकडेने. सगळ्या वाटेवर लोकाट विकायला बसलेले. बायका बोलावत होत्या, चाखून तरी बघ. मी मान खाली घालून चालत राहिलो.

दुकानाचं दार शूयिनने उघडलं. मला आत घेतलं नाही. उंबऱ्याच्या आतून दोन्ही हात पुढे करून गुंडाळी घेतली, कुठल्याही गिऱ्हाइकाकडून घेतो तशी. मग आवक-वही उघडली.

"चित्र कुणाचं?"

"फेई मास्तरांचं."

"मालक?"

"फेई आजी. शूयिन, तू मला..."

"आणणाऱ्याचं नाव?"

तीन वर्षं एका टेबलावर काम केलं आम्ही. माझ्या हातची खळ तिच्या बाहीला लागलेली आहे. मी तिच्याकडे बघितलं. ती वहीकडे बघत होती, पेन टेकवून.

"यू केफान," मी सांगितलं.

तिने लिहिलं. तीन अक्षरं, सावकाश, एकही रेघ न चुकवता. पावती फाडून दिली. तीन महिन्यांनी मालकिणीने स्वतः न्यायला यावं, तुम्ही येऊ नका, म्हणाली.

दार लागलं. मी तिथेच उभा राहिलो. आतून शिफूंचा आवाज आला, पाणी आण म्हणाले, कोमट. मग रजई ओढल्याचा आवाज आला, आणि टेबलावर ओलं फडकं फिरायला लागलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत.

गिऱ्हाइकं यायला लागली तेव्हा मी बाजूला झालो.